हळदीच्या वखारीतले चाळीस चोर

समाप्त

वरची पाटी योग्य जागीच आहे. छापखान्याचा त्यात काही दोष नाही. पुढेही मधूनमधून पाट्या लागतील, त्या अशाच उलट्या क्रमानं लागतील. मजकूर मात्र सरळ आहे, तो बिनघोर वाचावा. पाट्या उलट्या का, हे ओघात कळेल आणि नाही कळलं तरी वाचकाचं काही अडणार नाही. माझं मात्र बरंच अडलं.

झालं असं, की लढाईच्या दिवसांत एका मुंजीसाठी मी पुण्याला गेलो होतो. मुंज आटोपल्यावर कुणीतरी सिनेमाला नेलं. मुख्य सिनेमा कोणता होता ते आता आठवत नाही, कारण त्याच्या आधी त्यांनी एक कार्टून दाखवलं. अरबस्तानातली ती जुनी गोष्ट आहे ना, गरीब लाकूडतोड्या, डोंगरातली गुहा, चाळीस चोर, तेलाचे रांजण, ती. पण माणसं नव्हती. सगळी हातानं काढलेली रंगीत चित्रं होती, आणि ती चालत होती. गाढव कान हलवत होतं. चोरांच्या पुढाऱ्याची मिशी रागावली की आपोआप वर जात होती. मी तोंड उघडं टाकून पाहिलं आणि सांगलीला परत येऊन तेच तोंड उघडलं. ही माझी चूक.

आमच्या गल्लीत संध्याकाळी ओट्यावर मंडळी बसत. त्यात नाथाजीराव मुख्य. हे पलटणीतले पेन्शनर हवालदार. हरिपूरच्या रस्त्यावरच्या एका हळदीच्या वखारीवर देखरेख करीत आणि उरलेल्या वेळात गल्लीवर.

"चितार चालतंय म्हंता?" नाथाजीराव म्हणाले.

"चालतं. पळतंसुद्धा."

"हातानं काडल्यालं?"

"हातानं काढलेलं."

"मग त्येला पाय कुनी दिलं?"

"चित्रकारानं."

"पाय काडनं येगळं आन् पाय देनं येगळं, नाना. आमी इजिप्तापतूर जाऊन आलोय. थितं ह्येवढी ह्येवढी चितरं भितीवर हायती, हजारो वर्सं झाली. एकबी पाऊल पुढं टाकल्यालं न्हाई."

यावर ओटा हसला. एकानं मला मुंजीच्या जेवणात काय काय होतं ते विचारलं. दुसऱ्यानं ब्राह्मी तेल सुचवलं. तिसऱ्याच्या मेहुण्याला अशीच चित्रं दिसत, पण ती विषमज्वरात. तो मेहुणा आता बरा होता, हे त्यानं मला धीर देण्यासाठी दोनदा सांगितलं. त्या दिवसापासून मी 'चालत्या चित्रांचे वासूनाना' झालो, आणि आठवड्याभरात लांब नाव लोकांना परवडेना म्हणून नुसता 'थापाडेनाना'.

मी संस्थानच्या दफ्तरात कारकून होतो. माझ्या हातची नक्कल मूळ कागदापेक्षा खरी मानत. तरीही मी ते गिळलं असतं. पण आमच्या हिनं गिळलं नाही.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला ही नाथाजीरावांच्या घरी गेली होती. हरणाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, हिच्या कपाळाला कुंकू लावता लावता भरल्या घरात विचारलं, "शालूवैनी, आज न्हानीत पानी नानांच्या चितरांनी भरलं का तुमीच भरलं?"

सगळ्या हसल्या. हिनं पुढं आलेली आंब्याची डाळ खाली ठेवली आणि म्हणाली, "अक्षय्यतृतीयेच्या आत माझं हळदीकुंकू आहे. सगळ्यांनी या. चित्रं चालताना दाखवते. आणि नाही दाखवली, तर या गल्लीत पुन्हा कुणाच्या दारात कुंकवाला उभी राहणार नाही."

घरी येऊन तिनं मला एवढंच सांगितलं, "आमचे हे खोटं बोलत नाहीत, असं मी सांगून आले आहे. आता तुम्ही बघा."

रीळ शेवटचं

अक्षय्यतृतीयेपर्यंत दिवस थोडे होते. सिनेमा पुण्यात, मी सांगलीत. अशा वेळी माणसाला साताऱ्याचे चांदसाहेब आठवतात. हे जत्रांतून तंबूचा सिनेमा दाखवीत. लढाईमुळे रॉकेल, यंत्राच्या बत्तीतले कार्बन, सगळ्याचीच टंचाई, म्हणून तंबू गुंडाळून घरी बसले होते. माझी त्यांची ओळख म्हणजे एका जत्रेत त्यांच्या तंबूचा दोर माझ्या पायात आला होता, एवढीच. पण साताऱ्याला त्यांच्या घरी जाऊन मी अडचण सांगितली, तेव्हा कळलं की ते ओळख विसरले नव्हते.

"नाना, तुमचं नशीब लय जोरात," ते म्हणाले. "पाचगणीचा एक गोरा साहेब बंगला विकून विलायतेला गेला. त्याच्या लिलावात हे यंत्र घेतलं. हातानं फिरवायचं. आवाज न्हाई, निस्तं चित्र. आणि त्याच्यासंगं रिळं होती, त्यात तुमची गोष्ट हाय बघा. लाकूडतोड्या, गाढव, सगळं."

मला आनंदानं बसावं लागलं. चांदसाहेबांनी यंत्र टेबलावर ठेवलं. वर एक चाक, खाली एक चाक, बाजूला दांडा. फिल्म त्यांनी ओवूनच ठेवली होती.

"कालच पोराबाळांना दाखवलं. ओवलेलं हाय तसंच घेऊन जावा. आत बोट घालू नका. फकस्त बत्ती लावा आणि दांडा फिरवा."

कोणत्या बाजूला फिरवा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दांडा फिरवण्यात विचारण्यासारखं काय असतं? शिवाय त्यांच्या खातूनबींनी आतून शिरखुर्मा पाठवला होता आणि माझं लक्ष वाटीत होतं.

सातारा रोड स्टेशनवर पोलिसानं अडवलं. ते दिवसच तसे होते. जिल्ह्यात कुठं टपालाच्या थैल्या नाहीशा होत, कुठं तारा तुटत, आणि हे करणारी, इंग्रजांविरुद्ध उठलेली भूमिगत मंडळी डोंगरात नाहीशी होत. अशात मी एक पत्र्याची पेटी पोटाशी धरून, चोरासारखा इकडेतिकडे पाहत फलाटावर उभा. हवालदारानं पेटी उघडायला लावली.

"हे काय?"

"सिनेमा. गोष्ट आहे."

"कसली?"

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. पण मी तर खरेपणासाठीच घराबाहेर पडलेला माणूस. सांगितलं, "डोंगरात एक गुहा असते. तिथं चाळीस जण लुटलेला खजिना आणून लपवतात."

हवालदारानं फलाटाच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मला बाजूला घेतलं.

"कंच्या डोंगरात?"

"अरबस्तानातल्या."

"फुडारी कोन?"

"मिशीवाला आहे. नाव दिलेलं नाही."

"चाळीस हायत हे कशावरनं?"

"गोष्टच तशी आहे. फार जुनी गोष्ट आहे हो!"

"म्हंजे जुनीच टोळी हाय." त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. "आन् शेवटाला धरत्यात का त्यास्नी?"

"नाही. एक मोलकरीण उकळतं तेल ओतून मारते."

हवालदारानं वही मिटून खिशात घातली. मग पेटी बंद करून माझ्या हातात देत म्हणाला, "जावा. पन ही गोस्ट हितं कुनाला सांगू नगा."

सांगलीत उतरलो तर संस्थानचा जकात नाका. तिथले कारकून माझ्या ओळखीचे. पण ओळखीच्या माणसाला नियम दाखवण्यात जो आनंद असतो तो अनोळख्याला दाखवण्यात नाही. ही वस्तू खेळणी या सदरात घालावी, की यंत्रसामग्री, की नाटक कंपनीचं सामान, यावर चर्चा झाली. एकानं फिल्म गजानं मोजून कापडात घालावी असं सुचवलं. मी संतापून म्हणालो, "अहो, हे हळदीकुंकवासाठी आणलंय!" त्याबरोबर सगळे थांबले. "असं आधी सांगायचं," मुख्य कारकून म्हणाले आणि त्यांनी चाळीस चोर, रांजण व गाढव धार्मिक साहित्यात जमा करून सोडून दिले.

मध्यंतर

*प्रेक्षकांनी आपापल्या जागा सोडू नयेत.*

आता जागेचा प्रश्न. हळदीकुंकू दुपारी, सिनेमाला पाहिजे अंधार. आमच्या घरात दुपारी इतकं ऊन येतं की त्यात पापड वाळतात. गल्लीनं सल्ले दिले. सगळ्या खिडक्यांना शेणानं लिंपावं, असा एक. बायकांनी पदर डोक्यावरून घेऊन बसावं म्हणजे आपोआप अंधार होतो, असा दुसरा. शेवटी नाथाजीरावच म्हणाले, "आमची वखार घ्या. भर दुपारी आत हात दिसत न्हाई. विजेची तार बी हाय. नाना, आता जागा न्हाई म्हनून सुटायला बघू नगा."

वखारीत अंधार होता हे खरं. त्याचबरोबर हळद होती. पोत्यांच्या थप्प्या आढ्यापर्यंत, आणि मधोमध हळकुंडं घासून चकचकीत करायचा मोठा ढोल. ढोलावर बिराप्पा म्हणून एक आडदांड माणूस होता, कानडी मुलखातला, थोडं बोलणारा. माझ्या उजव्या मनगटात पेटी वाहून उसण भरली होती, म्हणून दांडा फिरवायला त्यालाच बसवलं. त्याच्याइतकं एकसारखं फिरवणारा माणूस सांगलीत नव्हता.

पडदा म्हणून हिचं लग्नातलं पांढरं सोवळ्याचं पातळ बांधलं. बायका आल्या. हिनं प्रत्येकीला हळदकुंकू लावलं, पन्हं दिलं. हळद लावायची खरं तर गरज नव्हती; आत आल्या आल्या प्रत्येकीला ती आपोआप लागतच होती. नियम असा ठरला होता, की आधी बायकांचा खेळ आणि मग पुरुषांचा. पुरुषांपैकी आत फक्त मी आणि बिराप्पा.

दार लावलं. बत्ती लावली. झोतात हळदीची धूळ अशी नाचू लागली, की कार्टून सुरू होण्याआधीच बायका "अगंबाई!" म्हणाल्या. मी म्हणालो, "बिराप्पा, फिरव."

बिराप्पानं आयुष्यभर ढोल जसा आपल्याकडे ओढून फिरवला होता तसा दांडा फिरवला.

पडद्यावर पिवळी झाक असलेली रंगीत चित्रं आली, आणि ती चालू लागली.

हरणाबाईंचा आवाज आला, "आगं आगं, चालतंय की गं! शालूवैनी, खरंच चालतंय!"

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी इथं लिहीत नाही. कारण ते जेमतेम दहा आकडे मोजेपर्यंत टिकलं. मग माझ्या लक्षात आलं, की पडद्यावर मेजवानी चालली आहे आणि लोक तोंडातून लाडू काढून ताटात ठेवत आहेत.

शेवट आधी आला होता. चांदसाहेबांनी पोराबाळांना दाखवलेली फिल्म परत गुंडाळलीच नव्हती; सगळी खालच्या चाकावर बसली होती. आणि बिराप्पा तिला इमानानं खालून वर ओढत होता. गोष्ट मागं चालली होती.

मी "थांब" म्हणायला तोंड उघडलं. पण खेळ थांबवला असता तर बायका हसल्या असत्या, दार उघडलं असतं, बाहेर ओट्यावरची सगळी मंडळी टेकून उभी होती. मी अंधारात हिच्याकडे पाहिलं. गोष्ट मी हिला इतक्या वेळा सांगितली होती, की तिला माझ्याआधी कळलं असावं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि कहाणी सांगतात त्या आवाजात म्हणाली, "बायांनो, ऐका. आटपाट नगर होतं. तिथं एक सावकार झालेला लाकूडतोड्या होता. त्याला खाल्लेलं गोड लागेना."

"व्हय, बाहीर काडतोय बिचारा," हरणाबाई म्हणाल्या.

"अंगणात चाळीस रांजण होते. त्यात चाळीस चोर मरून पडले होते."

पडद्यावर मोलकरीण आली. तिनं रिकामी घागर रांजणावर धरली आणि रांजणातलं तेल उडी मारून घागरीत गेलं. आतून चोराचं डोकं वर आलं, टुणटुणीत.

"तिच्या पुण्याईनं तेल काढलं की मेलेला उठतो," ही म्हणाली. तिचा आवाज किंचितही हलला नाही. मी दफ्तरात बारा वरिष्ठ पाहिले, पण असा आवाज कुणाचा नव्हता.

"आगं बया! आनि मोलकरीन हाय ती!" कुणीतरी म्हणालं. एकीनं हात जोडले.

रीळ पहिलं

चोर उठले आणि मागं मागं निघून गेले. लाकूडतोड्याही सोन्याच्या थैल्या लादलेलं गाढव घेऊन घरातून मागं मागं निघाला. इथं एका म्हातारीनं शंका काढली, "ह्यो पाटमोरा का चाललाय?"

ही म्हणाली, "मावशी, तुम्ही देवळातनं कशा बाहेर येता?"

"देवाकडं पाट न्हाई करत बया. मागं मागं येते."

"तोही धन परत द्यायला निघालाय. धनाकडे पाठ करून कसा जाईल?"

"खरं हाय," म्हातारी म्हणाली. "रीत हाय मानसाला."

लाकूडतोड्या गुहेपाशी आला. शिळा बाजूला सरली. आणि तो तसाच आत शिरणार, तेवढ्यात सगळी वखार ओरडली. हळदीच्या गावातल्या बायका त्या. हळद साठवायची जमिनीखालची पेवं उघडल्यावर आत कोंडलेली वाफ माणूस मारते, हे त्यांना पाळण्यात असल्यापासून माहीत.

"आरं थांब! लगी आत जाऊ नगंस!"

"वाफ जाऊ दे आदी!"

"कंदील सोड खाली, कंदील! इझला तर मागारी फिर!"

हरणाबाई तर उठून उभ्या राहिल्या आणि त्यांची सावली गुहेच्या तोंडात पडली. लाकूडतोड्या हरणाबाईंच्या पोटातून आत गेला आणि रिकाम्या हातानं जिवंत बाहेर आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग चोर आले. गुहेतला खजिना घोड्यांवर लादून, पाटमोरेच, दौडत निघाले.

"कुटं निगाले?" एकीनं विचारलं.

हिनं दौडणाऱ्या घोड्यांकडे बोट केलं. "ज्याचं त्याला परत द्यायला," ती म्हणाली.

आणि मग शेवटी, म्हणजे खरं तर सुरुवातीला, रान आलं. लाकूडतोड्या लाकडं घेऊन आला. त्यानं कुऱ्हाड उचलली. जमिनीवर आडवं पडलेलं झाड उठलं. कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावासरशी एकेक ढलपी उडून बुंध्याला जाऊन चिकटली. शेवटचा घाव बसला आणि झाड अखंड उभं राहिलं. त्याच्या फांदीवर एक पाखरू येऊन बसलं.

दांडा थांबला. बिराप्पा, जो दिवसभरात चार शब्द बोलत नसे, हळूच म्हणाला, "असली कुऱ्हाड पाहिजे बघ."

बायका बाहेर पडल्या त्या नखशिखांत पिवळ्या होऊन, शिंकत, डोळे पुसत. हरणाबाईंनी सगळ्यांदेखत हिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "चुकलं माजं वैनी. तुमचं मालक खरं बोलत्यात."

माझी कथा इथं संपली असती तर मी सुखी झालो असतो. पण पुरुषांचा खेळ राहिला होता.

आणि आता फिल्म सगळी वरच्या चाकावर आली होती. यंत्राचं मर्म मला उमगलं होतं. मी बिराप्पाला उठवलं, मनगटाला फडकं बांधलं आणि स्वतः बसलो. निदान माझ्या हातानं तरी अस्सल प्रत निघावी. नाथाजीराव पुढच्या पोत्यावर बसले. बाहेर बायकांनी त्यांना कुऱ्हाडीचं सगळं सांगितलेलंच होतं. मी दांडा सरळ फिरवला.

रान आलं. झाड उभं होतं. लाकूडतोड्यानं कुऱ्हाड घातली आणि ते पडलं.

"आँ?" नाथाजीराव म्हणाले.

चोर आले, लूट गुहेत घातली. लाकूडतोड्यानं ती चोरली.

"आरं ह्यो तर चोराच्या वरताण!" कुणीतरी ओरडलं.

शेवटी मोलकरणीनं घागर उचलली आणि रांजणात उकळतं तेल ओतलं. एकेक करून चाळीस माणसं मारली आणि मग सगळे मेजवानीला बसून लाडू गिळू लागले.

नाथाजीराव उठले. त्यांची मिशी हळदीनं पिवळी झाली होती आणि कार्टूनमधल्या पुढाऱ्यासारखी वर गेली होती.

"नाना, ही मस्करी हाय व्हय? बायकास्नी सरळ दावलं आन् आमाला उलटं?"

"नाथाजीराव, हीच सरळ आहे. मघाची उलटी होती. मी पुण्याला स्वतः..."

"पुन्याचं राहू द्या! उलटं फिरवून झाड पाडलं, चाळीस मानसं मारली, आन् वर हेच खरं म्हंता?"

"हो! हेच खरं!"

वखार हसली. अगदी ओट्यावर हसली होती तशी. ही दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. आता एक शब्द तिनं बोलावा, एवढंच. पण तिच्याभोवती बायका होत्या, त्यांच्या डोळ्यांत ते झाड अजून उभं होतं. ती मला म्हणाली, "चला, पन्हं घ्या. घसा बसलाय तुमचा."

नाथाजीरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चितरं चालत्यात, कबूल. तुमी थापाडे न्हाई. पन तुमाला ती चालवता येत न्हाईत. वैनींना इचारून फिरवत जावा."

घरी आल्यावर मी हिला म्हटलं, "निदान तू तरी सांगायचंस."

ती माझ्या कोटाची हळद झटकत होती. "तुमचं खरं ठरवायचं होतं, ते ठरलं," ती म्हणाली. "गोष्टीचं कुणी विचारलं नव्हतं."

यंत्र परत द्यायला मी पुन्हा साताऱ्याकडे निघालो. सातारा रोडला उतरलो, तर तोच हवालदार. पेटी ओळखून जवळ आला, इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "काय हो, ते चाळीस जन? काय झालं त्यांचं फुडं?"

मी तोंड उघडलं. तेल, रांजण, सगळं जिभेवर आलं होतं. मग मी पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मेले नाहीत," मी म्हणालो. "सगळा खजिना घोड्यांवर घालून ज्याचा त्याला परत द्यायला गेले."

हवालदारानं टोपी काढली, कपाळ पुसलं आणि माझी पेटी स्वतः उचलून टांग्यापर्यंत आणून दिली.

"तरीच," तो म्हणाला. "मग आपलीच मानसं ती."

आता खेळास सुरुवात होत आहे